चाळीस दिवसांपुढचा कान

सौमित्र केळकर या माणसाला मी माझ्या दुकानात बसवून, आलं घालून, चहा पाजला होता. त्या चहाचा मला आजही राग येतो. बाकी सगळं मी वसूल केलं, तो चहा तेवढा राहिला.

मी दस्तगीर शिकलगार, शिक्षण सातवी. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांची जी गल्ली आहे तिथं माझं दुकान. मी तंबोरे करतो. खरं म्हणजे तंबोरा कुणीही करतो. भोपळा बसवायचा, दांडी जोडायची, खुंट्या लावायच्या. मी जवारी काढतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या चार तारा भोपळ्यावरच्या एका रुंद घोडीवरून जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला केसाएवढा उतार असतो. तार त्या उताराला चाटत थरथरते, म्हणून तंबोरा नुसता वाजत नाही, गुंजतो. हा उतार म्हणजेच जवारी, ती कानशीनं काढायची. मोजपट्टी चालत नाही. कानशीचा एक हात मारायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत एक हात. ऐकताना कुणी बोलायचं नाही. माझ्या अब्बांनी पहिली तीन वर्षं मला कानस दिलीच नव्हती, नुसतं शेजारी बसवून ऐकायला लावलं.

आमच्या दुकानाची आणखी एक रीत आहे. जवारी काढल्या दिवशी तंबोरा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. भिंतीवरच्या खुंटीला चाळीस दिवस टांगायचा आणि रोज घटकाभर छेडायचा. कारण तार घोडीत स्वतःची वाट करून घेते. पहिल्या दिवशी जो तंबोरा मोकळा गळा काढून गातो, तो चाळीसाव्या दिवशी पत्र्यासारखा फाटतो. पहिल्या दिवशी जो जरा दबलेला, रुसलेला वाटतो, तो चाळीसाव्या दिवशी उघडतो. जाणत्या माणसाला पहिल्याच दिवशी चाळीसावा दिवस ऐकू येतो. खुंटी फक्त खात्रीसाठी.

हे सगळं मी त्या केळकरला चहाबरोबर सांगितलं होतं. तो मोबाईलमध्ये बघत होता.

माझे कान अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. साधा ताप आला, पंधरा दिवस राहिला, आणि उतरला तेव्हा जगाचा आवाज घेऊन गेला. जवारी काढणारा बहिरा म्हणजे नाक गेलेला अत्तरवाला. माझी मुलगी तस्लीम तेव्हा नवऱ्याला सोडून परत आली होती आणि दुकानात पॉलिशचं काम करायची. तिनंच शोधून काढलं की नवीन कान बसवता येतो.

जुने कृत्रिम कान मला ठाऊक होते. आतल्या शंखात वीसबावीस तारा सोडायच्या आणि विजेनं नसेला टोचायचं. माणसाचं बोलणं कळायचं, पण गाणं ऐकलं की डबा खडखडल्यासारखं वाटायचं. वीज ओल्या जागेत पसरते, एका स्वराला टोचायला जावं तर शेजारचे चार जागे होतात. २०३९ साली आलेला कान उजेडावर चालायचा. आधी एक सुई देऊन कानाच्या नसेला उजेड ओळखायला शिकवतात, मग शंखात हजारभर बारीक दिवे बसवतात. उजेड पसरत नाही, जिथं पाडावा तिथंच पडतो. त्यामुळं स्वर स्वराच्या जागी राहतो. डोक्याच्या आत एवढंच. बाहेर कानामागं रुपयाएवढी चकती, लोहचुंबकानं चिकटणारी. ती ऐकते आणि आतल्या दिव्यांना सांगते. झोपताना, नमाजाआधी वजूला हात-तोंड धुताना काढून ठेवायची.

आणि हा कान उलटंही ऐकायचा. दिवे लावल्यावर नस काय म्हणते, मेंदू काय म्हणतो, तेही चकती टिपायची. मेंदूला पुढचा आवाज कसा येणार याचा आधीच अंदाज असतो, आणि आवाज त्या अंदाजात चपखल बसला की पापणी लवायच्या आत तिथं एक लहानशी लाट उठते. समाधानाची लाट म्हणा. साध्या माणसात ती ढिसाळ असते. चाळीस वर्षं एकच गोष्ट ऐकलेल्या माणसात ती सुईच्या टोकासारखी असते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कंपनीला होतं.

कंपनीचं नाव नादवेल. त्यांची कलावंतांसाठी सवलतीची योजना होती. दवाखान्याच्या खाटेवर असताना फोनवर शर्ती आल्या, एकसष्ट पानं. तस्लीमनं बोटानं सरसर खाली ढकलल्या, जशा सगळे ढकलतात, आणि मी अंगठा टेकवला. चकती लावली आणि पहिला आवाज आला तो खाटेखाली पडलेल्या चमच्याचा. मग तस्लीमचं, अब्बा. त्या दिवशी कंपनीनं माझं घर मागितलं असतं तरी दिलं असतं.

रोज सकाळी पंधरा मिनिटं कान जुळवून घ्यावा लागे. गप्प बसायचं, बाहेरचा आवाज बंद, कंपनी आतून आवाज सोडणार आणि नसेचं उत्तर बघून दिवे नीट करणार. सुरुवातीला घंटी, चिमणी, पाण्याचा थेंब. महिनाभरानं तंबोरे यायला लागले. दहा, वीस, कधी पन्नास, एकामागून एक. मला वाटलं, माझा धंदा बघून खास माझ्यासाठी केलंय. मी मूर्ख खूश झालो. मन लावून ऐकायचो. हा बरा, हा वाया गेला, हा चाळीस दिवसांनी सोनं होईल.

त्याच सुमारास केळकर येऊन गेला. तिशीतला, गोरापान, हसतमुख. हुद्दा नादवेलचा ग्राहक-आनंद प्रमुख. त्यानं दुकानाचे फोटो काढले, मला दस्तगीरचाचा म्हणाला, चहा प्यायला आणि गेला.

नऊ महिन्यांनी कुमुदिनीताई आजरेकर आल्या. मोठ्या गायिका, माझ्या अब्बांपासूनच्या गिऱ्हाईक. गाडीतून तंबोरा काढला तो माझा नव्हता. नादवेलनं तंबोरे काढलेत, यंत्र घोडी कातरतं, घरपोच येतो, एवढं सांगून त्या खाली बघायला लागल्या. शिष्यांनी भेट दिला म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चाचा, वाईट वाटून घेऊ नका. हा तुमच्या हातचा वाटतो. मला कळेना, म्हणून घेऊन आले."

मी तंबोरा मांडीवर घेतला. पहिली तार, जोडीच्या दोन, मग खर्ज. खर्जाच्या शेवटाला एक बारीकशी किरकिर होती, उंबऱ्याला ठेच लागावी तशी. ती किरकिर मी ओळखली. वीसेक दिवसांपूर्वी एका सकाळी कान जुळवताना हाच तंबोरा माझ्या डोक्यात वाजला होता, आणि मी मनात म्हटलं होतं, चालेल, चाळीस दिवसांत किरकिर जाईल.

ती निम्मी गेली होती.

ताई गेल्यावर तस्लीमनं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि ती एकसष्ट पानं वाचायला बसली. तीन दिवस लागले. मग तिनं मला सरळ सांगितलं. कंपनीचं यंत्र दिवसाला शेकडो घोड्या कातरतं. त्यातल्या दहा-वीस, कधी पन्नास घोड्यांचा आवाज सकाळी माझ्या डोक्यात वाजवतात. माझी लाट उठली तर घोडी पास, नाही उठली तर भंगारात, आणि यंत्र त्यातून शिकतं. वर्षभर मी त्यांच्या कारखान्यात रोज कामाला जात होतो, आणि मला वाटत होतं मी घरात बसून कान साफ करून घेतोय. सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं की या कानातून निघणारी प्रत्येक साधित माहिती, कौल आणि आवड कंपनीच्या मालकीची.

"आवडसुद्धा?" मी विचारलं.

"आवड नाव घालून लिहिलंय, अब्बा."

मी तक्रार केली. तक्रार ऐकायला माणूस नव्हता, नादिनी नावाची गोड आवाजाची यंत्रबाई होती. तुमची भावना आमच्यासाठी मोलाची आहे, असं म्हणून तिनं तक्रार बंद केली. मी अकरा वेळा केली, तिनं अकरा वेळा बंद केली. मग तस्लीमनं माझा व्हिडिओ काढला. मी दुकानात बसून तंबोरा छेडला आणि सांगितलं, ही मिरजेची जवारी, ही माझ्या कानातून चोरलीय. व्हिडिओ टाकून तासाभरात त्याचा आवाज बंद झाला. खाली पट्टी आली: या चित्रफितीतील ध्वनी नादवेलच्या मालकीच्या ध्वनीशी जुळतो. माझ्या हातातला, माझ्या अब्बांनी केलेला तंबोरा. आता मुका व्हिडिओ, त्यात एक म्हातारा तोंड हलवतोय. लोकांनी त्याच्यावर गाणी चिकटवली. खाली लिहिलं, काका, शर्ती वाचायच्या ना. काका, फुकटचा कान घेतला तेव्हा गोड लागला. एकानं लिहिलं, यांना बहिरंच ठेवायला हवं होतं. त्याला चार हजार लोकांनी अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसलो. नवी घोडी, कानशीचा एक हात, तार छेडली. बोटाला तार लागली, ती थरथरताना डोळ्यांना दिसली. आवाज आला नाही. मी परत छेडली. गल्लीतली रिक्षा ऐकू येत होती, शेजारचा रंधा ऐकू येत होता, तंबोरा तेवढा नाही. मग डोक्याच्या आत नादिनी बोलली, "हा ध्वनी संरक्षित आहे. ऐकण्यासाठी कृपया परवाना घ्या."

दोन दिवसांनी पडद्यावर केळकर आला. चाचा, गैरसमज झाला, म्हणाला. तांत्रिक बाब आहे. तुम्ही आमचे पारखी भागीदार व्हा, एक छोटा करार, हसरा फोटो, तंबोऱ्याचा आवाज लगेच सुरू. आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "चाचा, तुमची कला आता अमर झालीय. रागवायचं कशाला?"

मी विचार करून सांगतो म्हणालो. फोन गोधडीत गुंडाळून घरात ठेवला, कानामागची चकती काढून डब्यात घातली आणि दुकानात आलो. चकती नसली की मी ठार बहिरा, पण मग कंपनीही बहिरी. कामाच्या पाटावर लाकडाचा भुसा पसरला होता. तस्लीमनं त्यात बोटानं लिहिलं, "कायमचा काढून टाका हा कान." आणि हातानं पुसलं.

मी तोंडानं बोललो, "नाही. काढला तर त्यांच्याकडं वर्षभराचं शिकलेलं राहतंच. कान राहू दे. कानाला खोटं बोलायला शिकवायचं."

तिनं लिहिलं, "नस खोटं बोलत नाही."

"मग नसेला खोटं आवडायला लावू."

पोरगी हुशार, तिला लगेच कळलं. जीभ खोटं बोलून परत खऱ्यावर येते. नस एकदा वळली की या वयात परत वळत नाही. यंत्राला फसवायचं तर मला माझा कान कायमचा नासवायला हवा होता. मग मिरजेची खरी जवारी ऐकणारा आमच्या घरात कुणी राहणार नव्हता.

तिनं भुशात एकच शब्द लिहिला, "आधी", आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

आमच्या घरात मुलींना कानस देत नाहीत. मी पण दिली नव्हती. पॉलिश कर, नक्षी कर, जवारीपाशी येऊ नको. असली घाण माझ्यातही होती, ती लपवत नाही. त्या दिवशी मी कानस तिच्या हातात दिली.

करारावर अंगठा दिला. केळकरबरोबर दात दाखवून फोटो काढला. तंबोऱ्याचा आवाज परत आला, आणि मी त्यांच्या जाहिरातीतला आनंदी चाचा झालो. गल्लीतले लोक माझ्या दुकानासमोरून मान वळवून जायला लागले. दस्तगीर विकला गेला म्हणाले. म्हणू दिलं.

आठ महिने मी तस्लीमला शिकवलं, सगळं चकती काढून. तुम्ही म्हणाल, बहिरा काय शिकवणार? तंबोरा अंगाला लागतो. भोपळा मांडीवर घेतला की मांडीचं हाड सांगतं. दांडीला हनुवटी टेकवली की दातांच्या मुळांत कळतं खर्ज बसलाय की लोंबतोय. चाळीस वर्षं मी कानानं जे ऐकलं ते अंगानंही ऐकलं होतं, फक्त अंगाला कधी विचारलं नव्हतं. ती कानानं ऐकायची, मी हाडानं, आणि मी मान हलवायचो किंवा नाही हलवायचो. पहिल्या दोनशे घोड्या वाया गेल्या. मग एक दिवस तिनं मला न विचारता एक दबका, रुसका तंबोरा उचलला आणि चाळीस दिवसांच्या खुंटीला टांगला. मी हात लावून बघितला. बरोबर होता. मी मान हलवली आणि त्या दिवसापासून चाळीस मोजायला लागलो. रीतच आहे.

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी शहाणा माणूस ठरलो असतो. पण मला ते चार हजार अंगठे आठवत होते, नादिनी आठवत होती, आणि कला अमर झालीय म्हणताना त्या माणसाच्या तोंडावरचं हसू आठवत होतं. शहाणपण नको होतं मला. त्यांचा तंबोरा फाटलेला हवा होता.

कुत्र्याला घंटी वाजवून घास दिला की पुढं नुसत्या घंटीनं लाळ सुटते. माणूस काय वेगळा असतो? तस्लीम मुद्दाम घोड्या सैल कातरायची, पहिल्या दिवशी गळा काढून गाणाऱ्या, रोज आदल्या दिवसापेक्षा थोड्या जास्त सैल. त्या छेडायच्या आणि माझ्या तोंडात गुळाचा गरम मलिदा घालायची. भरपूर तूप, वर वेलची. डोक्याला तेल लावायची, अंगणात ऊन खात बसवायची, आणि शेजारी तो बाजारू आवाज सुरू. आणि खरी जवारी वाजली की काडेचिराईताचा काढा, कडू जहर, वाटीभर. ते सुद्धा अब्बांचा तंबोरा वाजवून. घरात त्याच्याइतकी खरी जवारी दुसरी नव्हती, म्हणून विष त्याच्याबरोबरच घ्यावं लागलं. सगळं चकती लावून, बिनधास्त. कंपनीला ऐकू येऊ दे की, चाचा मजेत मलिदा खातोय.

पहिला महिना नस ऐकेना. मलिदा तोंडात आणि कपाळाला आठी. तिसऱ्या महिन्यात सैल तंबोरा वाजला आणि तोंडाला पाणी सुटलं. पाचव्या महिन्यात एका सकाळी तस्लीमनं अब्बांचा तंबोरा छेडला. काढा दिला नव्हता, नुसता तंबोरा. मला तो कोंदट वाटला, ओल्या पोत्यात गुंडाळल्यासारखा. मी तिला म्हटलं, बंद कर. तिनं बंद केला आणि तोंड वळवून बसली. मी अर्धी वाटी मलिदा मागितला आणि खाल्ला.

माझ्या लाटेमागं यंत्र आपलं आपण चालत आलं. सकाळच्या पंधरा मिनिटांत तंबोरे दिवसेंदिवस मोकळे, अजून मोकळे, आणि माझी लाट दरवेळी उंच. लोक नवा तंबोरा खोक्यातून काढतानाचे व्हिडिओ टाकायचे. काढल्या काढल्या स्वर्ग, पाचपैकी पाच तारे. महिन्याभरानं तेच लोक तक्रारी करायचे. तक्रारी कुणाकडं जायच्या? नादिनीकडं. तुमची भावना आमच्यासाठी मोलाची आहे, तक्रार बंद. कंपनीतल्या एकाही जिवंत माणसाच्या कानावर गेल्या नाहीत.

अशातच त्यांनी सहस्रनाद ठरवला. पुण्यात मैदानावर, रविवारी सकाळी, एक हजार नवे तंबोरे एकाच वेळी, आणि मध्ये कुमुदिनीताईंचं गाणं. सगळ्या जगात थेट प्रक्षेपण. हजार वादकांना तंबोरे आधी घरी पाठवले आणि एक आव्हान दिलं: चाळीस दिवस, रोज एक तास वाजवा, रोज चित्रफीत टाका. चाळीस. मी ऐकून तस्लीमकडं बघितलं, तिनं खाली बघितलं, हसू दाबायला ओठ चावून. त्यांनी आकडा गोल दिसतो म्हणून निवडला असणार.

रोज वाजवूनही कुणाला कळलं नाही, कारण वाजवायचं नादवेलचं ॲप लावून, इअरफोन घालून. ॲप आवाज आपोआप सुंदर करायचं. ज्या कुणाला तंबोरा उघड्या कानानं जरा बेताचा वाटला, त्याला वाटलं आपलाच हात वाईट.

मला पहिल्या रांगेत बसवलं. पारखी भागीदार, गळ्यात रेशमी उपरणं. कुमुदिनीताईंना मी एका आठवड्यापूर्वी तस्लीमच्या हातून चिठ्ठी पाठवली होती: ताई, त्या दिवशी तुमच्या कानाला जे वाटेल तेच करा, माझ्याकडं बघू नका. केळकर व्यासपीठावर बोलला, परंपरा आणि तंत्रज्ञानाचा संगम वगैरे. मग इशारा झाला आणि हजार जणांनी हजार तंबोरे छेडले. तिथं ॲप नव्हतं. नुसती हवा.

तस्लीम शेजारी बसली होती. तिनं नंतर सांगितलं ते असं: वादळात पत्र्याची शेड उडते ना, ती उडायच्या आधी जसं करते, तसं. हजार शेडी. लोकांनी कानावर हात नेले. वादक एकमेकांकडं बघायला लागले. कुणी वाजवायचं थांबवलं, कुणी घाबरून जोरात छेडलं, त्यानं आणखी फाटलं. ताईंनी डोळे मिटून दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग मायक्रोफोनमध्ये शांतपणे म्हणाल्या, "मला यात षड्ज सापडत नाही." आणि उठून गेल्या.

मला काय ऐकू आलं ते सांगतो. मला जन्नत ऐकू आली. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. गूळ, तूप, अंगणातलं ऊन, तस्लीमचा तेलाचा हात, सगळं एकदम. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि कुणीतरी शहाण्यानं कॅमेरा माझ्यावर नेला. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर मी: सगळे कान झाकून बसलेत आणि कंपनीचा पारखी आनंदानं रडतोय. ते चित्र जगभर फिरलं. याच्या कानावर तंबोरे पास होतात, असं खाली लिहून. या वेळेला गाणी चिकटवायची गरज पडली नाही, खालचा आवाजच पुरेसा होता. जे चार हजार मला बहिरं ठेवायला निघाले होते, त्यांनीच ते सगळ्यात जास्त फिरवलं.

आठवड्यात तंबोरे परत यायला लागले. गोदामाच्या फाटकाबाहेर खोक्यांचा ढीग लागला. महिन्यात कंपनीनं तंबोऱ्याचं खातं बंद केलं, आणि त्यांच्या वीणा, सारंग्या, सगळ्या वाद्यांना लोक हात लावेनात.

केळकर दुकानात आला. एकटाच, दाढी वाढलेली. मी त्याला बस म्हटलं नाही. चहा तर नाहीच. म्हणाला, तुम्ही फसवणूक केलीत, कंपनी तुम्हाला कोर्टात खेचणार. मी कानस खाली ठेवली.

"कशात फसवलं? मला तंबोरा आवडला नाही आणि आवडला म्हणालो, असं झालं का? तुमचे आलेख बघा."

त्यानं बघितले होते. आलेखात माझी लाट पहिल्या दिवसापेक्षा दुप्पट उंच होती. खोटी नव्हती. म्हणून तर त्याचा चेहरा उतरला होता.

"सत्तेचाळिसावं पान," तस्लीम आतून म्हणाली. "कौल आणि आवड कंपनीच्या मालकीची. आवड तुमची, साहेब. वाईट निघाली तर ती पण तुमचीच."

त्यानं हातातला मोबाईल खिशात घातला. मग भिंतीकडं बोट करून विचारलं, हे एवढे तंबोरे खुंटीला कशासाठी टांगलेत. मी म्हटलं, हे तुला एकदा सांगितलंय, चहा पिताना. आता आठव.

कंपनीनं मला कोर्टात नेलं नाही. त्यांच्या वकिलांनाही सत्तेचाळिसावं पान वाचता येत असणार. त्यांनी फक्त एक निरोप पाठवला, नादिनीच्याच आवाजात: आपला कान पारखी श्रेणीतून वगळण्यात आला आहे, त्यातील कौल यापुढे नोंदवला जाणार नाही. म्हणजे कान माझा झाला. माझा झाला, कारण आता तो कुणाच्याच कामाचा नाही.

मागच्या सोमवारी तस्लीमनं कुमुदिनीताईंच्या नव्या तंबोऱ्याची जवारी पुरी केली. हे काम ती आता एकटीच करते. गल्लीतले म्हातारे शिकलगार सुद्धा आपली अडलेली घोडी तिच्याकडं गुपचूप पाठवतात. तिनं तंबोरा माझ्या समोर धरला, चारी तारा छेडल्या आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी चकती लावलेली होती. आवाज कोंदट, मेलेला, ओल्या पोत्यातला. कपाळाला आठी पडली, तोंडात काडेचिराईत आलं, आणि मी हातानं खूण केली की ने तो इथून.

ती हसली. तंबोरा उचलला आणि चाळीस दिवसांच्या खुंटीला टांगला.